केल्विनचं केळवण

आपल्या स्टाफच्या ग्रुपवर तो फोटो फिरून राहिला नं, ज्याच्यात एकोणचाळीस फुगे जमिनीवर बसले आहेत अन् मी त्यायच्या मधात हात जोडून उभी आहे, त्याच्याखाली "पिंकी मॅडमची अंगणवाडी" असं ज्यानं कोणी लिहिलं त्याले मी सोडणार नाही. पण आधी खरं काय झालं ते ऐका. मधात कोणी बोलू नका, हसायचं असीन तं तोंडावर रुमाल ठेवून हसा. मले एका दमात सांगू द्या, नाहीतर मले रडू येईन अन् मंग चहा तुमालेच पाजा लागीन.

तं बोचरे सर. तुमी दर्यापूरच्या लोकायनं त्यायले पाह्यलं नाही म्हणून सांगते. अकोल्याले जुन्या शहरात एका पिठाच्या चक्कीच्या वरच्या माडीवर त्यायची केमिस्ट्रीची शिकवणी होती. खाली चक्कीची घरघर, वर तापलेलं टिन, अन् मधात आमी अकरावीचे साठ जण. शिकवणी सुटली की सगळ्यायच्या भुवया पांढऱ्या. माही माय इचारायची, "काय वं, केमिस्ट्री शिकतं का दळण आणतं?" सरचं पूर्ण नाव खुशालराव बोचरे. नावात खुशाल अन् आडनावात बोचरे. दोन वर्षांत त्यातला पहिला भाग आमाले एकदाही दिसला नाही.

पण शिकवायचे काय, बापा! वायूचे सगळे नियम ते लग्नातून शिकवायचे. "लेकहो, वायू म्हणजे लग्नातले पाव्हणे. मांडव लहान केला की रेटारेटी वाढते, हा बॉईलचा नियम. पाव्हण्यायचं डोकं तापलं की त्यायले मांडव मोठा लागते, हा चार्ल्सचा नियम. अन् मांडवही लहान अन् डोकंही तापेल, तं काय होते?"

"मारामारी होते सर!" मागून धम्मदीप ओरडायचा.

"त्याले स्फोट म्हणतात. बस खाली."

अन् मंग यायचं सगळ्यात मोठं वाक्य. त्यासाठी सर खडू खाली ठेवायचे, हात झटकायचे, चक्कीचा पट्टा बदलायले घरघर थांबली असली तं बरंच. "नवरीले केळवण केल्याशिवाय मांडवात आणता काय?"

"नाही सर!" साठ जण.

"मंग सेल्सिअसले केल्विन केल्याशिवाय सूत्रात आणायचं नाही. दोनशे त्र्याहत्तर मिळवा. आधी तिले पोटभर जेवू घाला, मंग मांडवात उभी करा."

आमच्यातल्या अर्ध्यायले बारावीपर्यंत वाटे की त्या शास्त्रज्ञाचं नावच केळवण हाये. एकानं तं बोर्डाच्या पेपरात लिहिलं, "लॉर्ड केळवण यांनी."

अन् माहं काय झालं? पहिल्याच चाचणीत मी सत्तावीस अंश सेल्सिअस जसेच्या तसे सूत्रात टाकले. सरनं पेपर परत देला. मार्क नाही, फुली नाही, लाल शाईनं दोनच शब्द. "नवरी उपाशी." झालं. त्या दिवसापासून मी उपाशी नवरी. निखत माही जिवाची मैत्रीण, एकाच बाकावर बसायचो, तिच्या अम्मीले हे कोणं सांगतलं कोण जाणे, पण मी त्यायच्या घरी गेली की त्या काही न बोलता ताट वाढायच्या. दोन वर्षं मी त्या दोन शब्दायच्या जोरावर खिचडा खाल्ला, पण दुखायचं ते दुखायचंच.

आता मी केमिस्ट्रीच शिकवते. तुमी रोज पाहता, तासिका तत्त्वावर का होईना, पण साठ पोट्टे समोर असतात अन् मी त्यायले तेच लग्न लावून दाखवते, तेच केळवण घालते. पण सरले हे मी आजपर्यंत सांगतलं नव्हतं. फोन हातात घ्यायची अन् वाटायचं, सर म्हणतीन, "कोण, ती उपाशी नवरी? अन् ती शिकवते? त्या लेकरायचं कसं होईन?" मले सांगायचंच नव्हतं. मले त्यायले काहीतरी असं दाखवायचं होतं की त्यायनंच इचारलं पाहिजे, "पोरी, तू करतं काय?"

तो मोका आला मे महिन्यात. निखतचा फोन. "पिंके, सर चालले. कायमचे. लेकाकडं बंगलोरले. सोमवारची गाडी हाये." सर रिटायर झाल्यावर अमरावतीले पोरीकडं राहत होते. निखत म्हणे, आपण सगळे रविवारी अमरावतीले जमू, सरचा सत्कार करू. मी म्हटलं करू. आमी सरले फोन लावला. तिकडून आवाज आला, तोच, चक्कीवर मात करणारा.

"शाल आणसान तं पांघरणार नाही. नारळ आणसान तं तिथंच फोडीन. भाषण केलं तं मधातून उठीन. केमिस्ट्री शिकले नं माह्याजवळ? एक प्रयोग करून दाखवा. जमला तं संध्याकाळपर्यंत बसतो तुमच्यात. नाही जमला तं चहा न पिता घरी जातो. माही बॅग भरायची राहिली हाये."

फोन ठेवल्यावर सरची अट आमच्या ग्रुपवर टाकली. माह्याशिवाय आठ वर्षांत कोणी परीक्षानळी पाहेल नव्हती. एक जण बँकेत, दोघं सोयाबीनच्या धंद्यात, निखत कॉमर्सले गेली, धम्मदीपची शाळेच्या पोट्ट्यायची ने-आण करायची व्हॅन. मी म्हटलं, "प्रयोग माह्यावर सोडा." मंग धम्मदीपनं लिहिलं, "जेवून ये पण."

पाह्यलं? आठ वर्षं झाली तरी.

माहा प्रयोग सोपा होता. सहा फुटाचं मांजरपाटाचं कापड. त्यावर रंगानं लिहायचं, "खुशालराव बोचरे सर" अन् खाली वायूचं सूत्र, "पीव्ही बरोबर एनआरटी." त्याले हेलियमचे चाळीस फुगे बांधायचे. सर आले की दोरी सोडायची, अन् कापड आपोआप जमिनीवरून उठून छताले लागीन, सरच्या डोळ्यासमोर, हळूहळू, नवरदेवाच्या वरातीसारखं. गॅसही झाला, सत्कारही झाला, अन् नारळ नाही लागला.

पण नियम असते, एक साधं काम हातात घेतलं की त्याच्यामागून दहा कामं रांग लावून येतात. पहिलं काम हॉल. अमरावतीले एका जुन्या वाचनालयाचा हॉल स्वस्त हाये म्हणून मी खास बस पकडून गेली. तिथं पुंजाजी नावाचे बाबू. चष्मा कपाळावर, डोळे फॉर्मवर. फॉर्मवर छापेल: लग्न, बारसं, सत्कार, श्रद्धांजली, इतर. मी "इतर" वर खूण केली अन् लिहिलं, "प्रयोग."

पुंजाजी म्हणाले, "नाटकाले येगळा फॉर्म."

"नाटक नाही, काका. प्रयोग."

"मी तेच म्हणून राहिलो. प्रयोग नाटकाचाच असते. तीन प्रतीत संहिता जोडा लागते, पात्रायची नावं लिहा लागते."

"काका, रसायनशास्त्राचा प्रयोग. गॅसचा."

गॅस म्हटल्याबरोबर चष्मा कपाळावरून नाकावर आला. "स्वयंपाक करणार काय?"

"नाही, हेलियम. जळत नाही, त्याले वासही नाही. फुग्यात भरतात."

"सिलिंडरमधून भरतात का नाही?"

"हो, पण..."

"मंग सिलिंडर. हॉलमधी सिलिंडर चालत नाही. मागच्या साली एका बारशात आलूबोंडे तळले, त्याचा डाग अजून भिंतीवर हाये, या, दाखवतो." अन् त्यायनं खरंच उठून दाखवला. मी डाग पाह्यला. काय करता? मंग मी इचारलं, "अन् फुगे?"

"फुगे सजावटीत येतात. सजावट बाहेरून करून आणा."

म्हणजे हेलियम अकोल्याले भरायचं अन् भरेल फुगे शंभर किलोमीटर अमरावतीले न्यायचे. मेच्या उन्हात. शेवटी पुंजाजीनं फॉर्मवर स्वतःच लिहिलं, "सत्कार (फुगेयुक्त)." अन् बजावलं, "पाच वाजता हॉल खाली पाहिजे."

दुसरं काम, सल्ले. मी अकोल्याले घरी कागदावर हिशेब मांडून बसली होती, तेवढ्यात शेजारच्या वच्छलाकाकू ताक घेऊन आल्या. काकू सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, तीस वर्षं. कागदावर "रविवार, अमरावती, ४६ अंश" पाहून म्हणे, "शेहेचाळीस? माय वं! एवढ्यात तं पेशंट थंड पडून दोन घंटे झाले असते."

"काकू, हे सेल्सिअस हाये. तुमचं थर्मामीटर फॅरनहाइटचं. शेहेचाळीस सेल्सिअस म्हणजे तुमचे एकशे पंधरा."

"एकशे पंधरा? मंग तं ते कवाच गेलं. एकशे पाचच्या वर माणूस राहते काय?"

"माणसाचा ताप नाही काकू, हवेचा."

"मी तीस वर्षं ताप मोजला अन् तू मले शिकवतं?" काकूनं ताक तिथंच ठेवलं. पण जाता जाता सल्ला देलाच. तापावर एकच औषध, ओल्या पट्ट्या. व्हॅनच्या खिडक्यायले ओल्या चादरी बांधा, आतले फुगे थंड राहतीन. हा सल्ला ऐकायचा नव्हता, पण धम्मदीपले पटला. त्याले काकूयचे सगळे सल्ले पटतात, कारण काकू त्याले लहानपणापासून इंजेक्शन देत आल्या.

अन् आता मुख्य गोष्ट. हसू नका, मी आधीच सांगतलं.

रविवारी सकाळी सात वाजता आमी निखतच्या मामूच्या दुकानात. वाहेदमामू. जुन्या शहरात त्यायचं डेकोरेशनचं दुकान, वाढदिवसापासून लग्नाच्या वलीम्यापर्यंत सगळ्यायचे फुगे तेच फुगवतात. दुकानात एसी. घरी कूलर, दुकानात एसी, काहून तं म्हणे घरचे लोक फुटत नाहीत. एसीवर आकडा होता, तेवीस. मी मोबाईल पाह्यला. अमरावतीले दुपारी शेहेचाळीस.

तेवीस अन् शेहेचाळीस! तुमीच सांगा, कोणाचाही जीव वरखाली होणार नाही काय? तापमान दुप्पट. चार्ल्स म्हणते, तापमान दुप्पट तं आकारमान दुप्पट. म्हणजे आत्ता फुगे पूर्ण भरले तं मूर्तिजापूरपर्यंत जाता जाता एकेक फुटत जाईन, व्हॅनमधी दिवाळी. मी पेननं तळहातावर भागाकार केला. शेहेचाळीस भागिले तेवीस, बरोब्बर दोन. ना पॉइंट, ना बाकी. जिंदगीत पहिल्यांदा केमिस्ट्रीचं उत्तर इतकं साफ आलं. तिथंच मले शंका यायले पाहिजे होती, कारण केमिस्ट्रीत उत्तर साफ आलं की समजायचं, कुठंतरी माती खाल्ली. पण मले आनंदच इतका झाला की मी ओरडली, "मामू, फुगे अर्धेच भरा!"

वाहेदमामूनं नळी हातातच धरली. "बेटा, बीस साल से भरून राहिलो. धूप में नेना हो तो चार उंगली कम रखना. बस. इतनाच हिसाब हाये गर्मी का."

"मामू, हे विज्ञान हाये."

"मी कुठं म्हटलं बिर्याणी हाये? पण चाळीस पूरे भरले तं हे कापड उठीन. आधे भरले तं हे उठते काय?"

"तिथं पोहोचले की आपोआप फुगतीन. उन्हानं. तुमी पाहाच."

मामूनं निखतकडं पाह्यलं. निखतनं माह्याकडं पाह्यलं. ती म्हणे, "मामू, पिंकी शिकवते हे. कॉलेजात." त्या "शिकवते" वर माही मान एवढी ताठ झाली की खाली फुग्याकडं दिसेना. मामू म्हणाले, "मंग ठीक. मैं तो नववी फेल." अन् त्यायनं चाळीस फुगे अर्धे अर्धे भरले. ते वांग्यासारखे दिसून राहिले होते, वरून जराकसे तरंगत, खालून लोंबत, जसे काही सकाळी सकाळी कोणी झोपेतून उठवले.

व्हॅनमधी ते मस्त बसले. मी म्हटलं, "पाह्य, पूर्ण भरले असते तं मावले असते काय?" धम्मदीपनं खिडक्यायले काकूच्या ओल्या चादरी बांधल्या. आतमधी अंधार, घाम, ओल्या कापडाचा वास, चाळीस वांगे अन् आमी तिघं. व्हॅनच्या मागं लिहेल, "सावधान, लहान मुले."

बडनेऱ्याच्या अलीकडं ट्रॅफिकवाल्यानं थांबवलं. चादर उचलून आत पाह्यलं अन् दोन पावलं मागं सरकला. "हे काय हाये?"

मी उतरून समजावून सांगतलं. "साहेब, चार्ल्सचा नियम हाये."

"कोण चार्ल्स? त्याले बोलवा खाली."

"तो नाही आला साहेब. तो फ्रान्सचा."

"परदेशी माणसाचा माल हाये तं कागद पाहिजे." अर्धा घंटा. शेवटी निखतनं एक फुगा सोडून त्यायच्या हातात देला, साहेबच्या घरी छोटी पोरगी होती म्हणे. फुगा हातात आला अन् कायदा हलका झाला. पण या सगळ्यात गाडी उन्हात उभी, चादरी टपटप गळत, अन् ते पाणी नेमकं घडी केलेल्या कापडावर. उघडून पाह्यलं तं "बोचरे"मधला च वाहून गेला होता. कापडावर राह्यलं, "खुशालराव बो रे सर."

धम्मदीप म्हणे, "राहू दे. आवाज देल्यासारखं वाटते."

हॉलमधी पोहोचलो तवा आमचे चाळीसेक जण जमले होते. अकोल्याचे, परतवाड्याचे, एक जण तं पुण्याहून आलेला, त्याची भाषाच बदलली होती, मले "अगं" म्हणाला, मी आधी वळूनच पाह्यलं नाही. सगळे एकमेकायच्या भुवयांकडं पाहून हसून राहिले होते, काहून ते कोणाले सांगा नाही लागलं. बरोब्बर तीन वाजता सर आले. पोरीनं स्कूटीवर सोडलं. लहान झाले होते, बापा. शर्ट तोच, पण सर त्याच्यात कमी झाले होते. हातात काठी अन् पिशवी. पण आल्याबरोबर घड्याळ पाह्यलं, अन् अख्खा हॉल पटकन बसला. पंचवीस-सव्वीस वर्षांचे, मिशावाले, एक दोघी कडेवर लेकरं घेतलेल्या, सगळे एका झटक्यात बसले.

"करा सुरू," सर म्हणाले.

मी दोरी सोडली.

एकोणचाळीस फुगे उठले. टोकं ताणली. कापडाचा एक कोपरा जमिनीवरून वीतभर वर आला. मी हात जोडून मनातल्या मनात म्हणते, फुगा रे, फुगा, शेहेचाळीस हाये बाहेर, काय कमी पडून राहिलं तुमाले? तो कोपरा जरासा हालला. मंग पंगतीत जेवण जास्त झालेला पाव्हणा जसा भिंतीले टेकून हळूच खाली सरकते, तसं ते कापड खाली बसलं. अन् फुगे त्याच्यावर बसले. एकेक करून. एकही फुटला नाही. फुटला असता तं निदान आवाज तं झाला असता.

त्या पुण्यावाल्यानं टाळी वाजवायले हात वर केले अन् तसेच ठेवले. तेवढ्यात कोणीतरी तो फोटो काढला, तो हाच.

सर उठले. काठी घेतली. पण ते दाराकडं नाही गेले, फुग्यांकडं आले. वाकता येत नव्हतं, म्हणून काठीनं एक फुगा वर केला, दोन बोटांनं दाबून पाह्यला, मंडईत टरबूज पाहतात तसा.

"कोणत्या तापमानाले भरले?"

"तेवीस," मी म्हटलं.

"अन् बाहेर?"

"शेहेचाळीस."

सरनं डोळे मिटले. भिंतीवरच्या आलूबोंड्याच्या डागाकडं तोंड करून उभे राह्यले. मंग म्हणाले, "दुप्पट होईन म्हणून अर्धे भरले."

मी तळहात मागं लपवला.

"नवरी उपाशी आणली," सर म्हणाले. "हे गणित कोणाचं?"

निखत उभी राह्यली. "सर, माहं." कॉमर्सवाली! आठ वर्षांत जिनं अंशाचं चिन्हसुद्धा काढलं नाही! सरनं तिच्याकडं नुसतं पाह्यलं. "निखत, तू तं माह्या वर्गात खिडकीतून भेळवाला पाहायची. तुले एवढी मोठी चूक येत नाही. एवढी मोठी चूक करायले केमिस्ट्री यायले पाहिजे."

मंग मले उठावंच लागलं. मी तं आधीच उभी होती, पण आतून उठली. "सर, माहं हाये. मी पिंकी." अन् सांगायचं नव्हतं ते नेमकं त्या वक्ताले, एकोणचाळीस बसलेल्या फुग्यांच्या मधात, तोंडातून निघालंच. "सर, मी दर्यापूरले केमिस्ट्री शिकवते. अकरावीले. तीन वर्षं झाली."

तुमी माही जागा घेऊन पाहा. तीन वर्षं मी हे वाक्य कसं सांगायचं ते ठरवून राहिली होती. कधी आरशासमोर, कधी दर्यापूरच्या बसमधी. अन् सांगतलं ते असं.

सरनं इचारलं, "पोट्ट्यायले सांगतं काय, केळवण करा म्हणून?"

"रोज सांगते सर."

"अन् स्वतः?"

मले तिथंच पाणी आलं डोळ्यात. मी म्हटलं, "सर, आकडे लय गोड होते. तेवीस अन् शेहेचाळीस."

सरच्या मिशीले काहीतरी झालं. हसले असं मी म्हणणार नाही, मले माहीत नाही ते हसतात कसे. त्यायनं काठी टेकली, पिशवी खांद्याले अडकवली. "बोली काय झाली होती? प्रयोग जमला नाही तं मी घरी जातो." अन् खरंच दाराकडं चालले. मांडव पडावा तसं झालं सगळ्यायले. धम्मदीप दारात आडवा उभा राहायले गेला अन् हिंमत न झाल्यानं बाजूले सरकून त्यानंच दार उघडून देलं. सर उंबरठ्यापर्यंत गेले. उन्हाकडं पाह्यलं. वळले.

"चुकेल गणित तसंच टाकून जाता येते काय कोणाले? माह्या वर्गातून गेलं काय कोणी?" अन् काठीनं फळा दाखवला. हॉलच्या कोपऱ्यात एक फळा होता, त्याच्यावर सुविचार. "पिंकी मॅडम, या. शिकवा. मी बसतो."

अन् सर तिसऱ्या रांगेत, पुण्यावाल्याच्या बाजूले, खुर्चीवर जाऊन बसले. पिशवीतून एक जुनी डायरी काढली. पेन काढला. टोपण काढलं.

साठ पोट्टे समोर असले तं मी पंधरा मिनिटात चार्ल्सले घरी सोडून येते, पण इथं सर बसले होते. मी खडू घेतला. तेवीस लिहिलं. खाली दोनशे त्र्याहत्तर. बेरीज करता करता खडू मोडला. दोनशे शहाण्णव. मंग शेहेचाळीस, खाली दोनशे त्र्याहत्तर. तीनशे एकोणीस. मंग भागाकार. एक पॉइंट शून्य आठ. शंभराचे एकशे आठ, बस. फुगा दुप्पट होत नाही, नुसता जरासा गाल फुगवते. म्हणजे वाहेदमामूचे चार बोटं. नववी फेल माणसाले चार बोटात जे समजलं ते मले तळहातावर नाही समजलं, अन् हे मी तसंच्या तसं फळ्यासमोर बोलून गेली. हॉल हसला. मलेही हसू आलं. अन् मंग काय झालं कोणास ठाऊक, मी सुटली. दर्यापूरले सुटते तशी. मांडव आला, व्याही आला, रेटारेटी आली.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक हात वर. "मॅडम, एक शंका."

"बोला," मी म्हटलं. सरले म्हटलं, "बोला."

"समजा फुगा उन्हानं खरंच मोठा झाला. मंग तो जास्त वजन उचलीन काय?"

मी हो म्हणणारच होती. तोंड उघडलं होतं. पण सरचे डोळे ओळखीचे होते, शंका इचारायचे नाही, खड्डा खोदून बाजूले बसायचे. मी थांबली. विचार केला. "नाही सर. फुगा तापला तं बाहेरची हवाही तापली. ती पातळ झाली. फुग्याची जागा वाढली, पण जी हवा त्यानं बाजूले सारायची, तीच हलकी झाली. शेवटी उचलायचं ते आतमधी किती रेणू भरले त्याच्यावर. म्हणजे..." अन् तवा मले पहिल्यांदा उमजलं, स्वतः बोलता बोलता, "म्हणजे सर, अर्धे भरले तवाच कापड हरलं होतं. ऊन किती का पडो."

सरनं मान खाली घातली अन् ते लिहायले लागले. मी पाह्यलं तं सगळेच लिहून राहिले होते. कोणी मोबाईलवर, कोणी नाश्त्याच्या प्लेटमागं, निखत हातावर. खाली चक्की नव्हती तरी मले घरघर ऐकू आली.

तेवढ्यात दारात पुंजाजी. "पाच वाजले. फळा पुसून द्या, उद्या बारसं हाये."

मी डस्टर घेतलं. हात वर केला.

"मॅडम," मागून सरचा आवाज आला. घाईतला, घाबरलेला, अगदी पोट्ट्याचा. "पुसू नका. माहं उतरायचं राह्यलं."

त्यायचा हात आता लय हळू चालते. एकेक आकडा काढतात, मान वर करून फळ्याकडं पाहतात, अन् पुन्हा खाली. मी डस्टर खाली ठेवलं अन् फळ्यापासून जरा बाजूले सरकली, त्यायले नीट दिसावं म्हणून.

"उतरा सर," म्हटलं. "सावकाश उतरा. मी हाये."